न तापणारी मोटार

आमची मोटार तापत नाही, याचा आमच्या ड्रायव्हरला, दस्तगीरला, कोण अभिमान! कुरुंद्याहून वसमतला जाऊन आला की उतरायच्या आधी तो समोरच्या, इंजिनची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे बोट दाखवी. "बघा बाई, काटा हालला बी न्हाई. दुसऱ्यांच्या गाड्या वाटंत वाफा सोडून राहिल्यात."

पण दिवाळीनंतर हीच गाडी चढाला खोकू लागली, मागून काळा धूर ओकू लागली. लढाईमुळे पेट्रोल मोजूनमापून मिळायचं आणि ही बया ते घटाघटा प्यायची. दस्तगीरने प्लग पुसले, कार्बुरेटर उघडून धुतलं. चार दिवस बरे जात, मग पुन्हा प्लगवर काजळी. शेवटी आमच्या मालकांचं डोकं फिरलं. "इकून टाकतो," म्हणाले. आखाडा बाळापूरचे बद्रुद्दीन सेठ सोमवारी गाडी बघायला येणार, हेही ठरलं.

मला रडूच आलं. दस्तगीरची नोकरी जाणार हे होतंच, पण खरं सांगते, मला माझं पडलं होतं. साखऱ्याला माझी आई एकटी. बैलगाडीने जायचं तर वाटेत मुक्काम करावे लागत, म्हणून लग्नानंतर कितीतरी वर्षं माहेर नावालाच होतं. मोटार आली आणि सकाळी निघून दुपारी आईच्या हातची भाकरी खाता येऊ लागली. आता तीही सुटणार.

सेठ यायच्या आदल्या दिवशी दस्तगीर वसमतहून परतला. हवेत चांगलाच गारठा होता. हात शेकावेत म्हणून मी ते बॉनेटवर ठेवले, तर बॉनेट जेमतेम कोमट!

"दस्तगीर, वसमतला गेला व्हतास का झाडाखाली झोपला व्हतास?"

"काहून बाई?"

"एवढं पळून आली अन् अंगात ऊब न्हाई हिच्या."

"तेच तर!" त्याने छाती फुगवली. "आपलं इंजिन तापतच न्हाई."

"अरे, चूल तापली न्हाई तर जळण उगंच जातं, धूर व्हतो अन् भाकर कच्ची ती कच्ची. हिचं तसंच तर झालं न्हाई?"

दस्तगीर हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग मान खाली घालून सांगू लागला. उन्हाळ्यात गाडी एकदा वाटेत उकळली, तेव्हा त्याने इंजिनच्या पाण्याच्या वाटेतली झडप काढून टाकली होती. "म्या म्हणलं, तहानलेल्याच्या नरड्यात बूच काहून?"

पाणी पुरेसं तापेपर्यंत अडवून धरायचं, हेच त्या झडपेचं काम. ती गेल्यापासून पाणी सारखं गार होऊन फिरत होतं. उन्हाळ्यात ते निभावलं, पण गारठा पडला तसं इंजिन तापेचना. आमच्या मुलखात मोटारीचा आजार म्हणजे तापणं. न तापणं हाही आजार असतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

झडप त्याच्या बायकोने, खुर्शीदबीने, जपून ठेवली होती म्हणून बरं. ती अजून चालते का बघायला आम्ही न्हाणीच्या चुलीवरच्या हंड्यात दोऱ्याने सोडली. पाणी कढत आलं तशी ती हळूहळू उघडली. बाहेर काढली, गार झाली, पुन्हा मिटली. आम्ही दोघं लहान लेकरांसारखे तिला पुन्हा पुन्हा बुडवत बसलो.

सोमवारी झडप बसवलेली गाडी मालकांनी स्वतः चालवली, सेठ शेजारी. शिवाराला वळसा घालून आली, ना खोकला ना धूर. सेठ खूश. "उत्तमराव, सौदा पक्का! बराबर चालून राहिली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी बरी करून मीच तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं. दाराआडून मी गाडीकडे बघत राहिले.

सेठ उतरले. मालक काही उतरेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"उतरा की," सेठ म्हणाले.

"माफ करा सेठ. आजारी व्हती तवा इकत व्हतो." मग त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "अवं, ऐकलं का? सेठना चहा दे अन् गाठोडं बांध. तुझ्या आईकडं जाऊन येऊ."

मी चहा केला. त्यात साखर घालायची राहिली, आणि बिचारे सेठ तसाच प्याले.