सगळे फ्यूज शाबूत

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन जोरात घरघरलं, पण चालू झालं नाही. पुन्हा फिरवली. तेच.

“बॅटरीत दम आहे,” ते खिडकीतून म्हणाले. “म्हणजे रोग दुसरीकडे आहे.”

त्यांची बायको टॉर्च घेऊन गाडीपाशी उभी होती. संसारातली ही तिसरी छोटी गाडी, आणि तिन्हींच्या दुखण्यांत टॉर्च धरायचं काम तिचंच. मेकॅनिककडे जाणं मास्तरांना कमीपणाचं वाटे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गाडीलाच वर्गात बसवलं. ऑइल, ब्रेकचे पॅड, सगळं घरच्या घरी.

आज मात्र खोळंबा परवडणारा नव्हता. लेक बाळंत झाली होती. तिला आणि नातीला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. सकाळपासून मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची त्यांनी स्वतः पट्टे आवळून बसवली होती आणि हलवून हलवून पाहिली होती.

“टॅक्सी बोलावू या का?” बायकोने विचारलं.

“माझी नात पहिल्यांदा घरी येणार, ती परक्याच्या गाडीतून? काहीतरीच तुझं!”

ते उतरले. उतरताना डावा खांदा दाराच्या कडेवर आपटला. हल्ली डाव्या बाजूच्या वस्तूंनी त्यांच्याशी वैरच धरलं होतं. चौकटी, टेबलाचे कोपरे, कधी कधी माणसंसुद्धा. थंडीत एका सकाळी त्यांची जीभ जड झाली होती आणि तासाभरात सुटलीही होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूला छोटा झटका येऊन गेलाय, नजर तपासून घ्या, तोवर गाडी चालवू नका. मास्तर म्हणाले, यांना पगारच घाबरवण्याचा मिळतो. नजर तपासायला ते गेलेच नाहीत.

मग गेल्या आठवड्यातलं ते प्रकरण. वळणावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. बायको किंचाळली म्हणून ब्रेक लागला, तोवर धडक बसली होती. लेकरू आईच्या कडेवर होतं म्हणून वाचलं. रिकामी बाबागाडी चाक मोडून आडवी पडली आणि ती बाई पोराला छातीशी धरून रस्त्यातच खाली बसली. “मध्येच आली,” असं मास्तर घरी येईपर्यंत घोकत होते. बायकोने त्या बाईला केव्हाच पाहिलं होतं, डावीकडून सावकाश येताना. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

मास्तरांनी बॉनेट उघडून टेकू लावला.

“किल्ली दिली की मागून पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. येत नाहीये. म्हणजे पेट्रोलच पुढे येत नाही. आधी फ्यूज बघायचे.”

फ्यूजच्या डब्याचं काळं झाकण काढून ते वाकले. रंगीत फ्यूजच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. टॉर्चचा उजेड अख्ख्या डब्यावर नीट पडला होता.

“सगळे शाबूत.”

“परत एकदा बघता?”

“आंधळा आहे का मी?” पण पाहिलं. “शाबूत म्हटलं ना!”

मग पंपाला वीज देणारा रिले, म्हणजे तो छोटा चौकोनी ठोकळा, त्यांनी उपटला आणि हॉर्नच्या जागी लावून पाहिला. हॉर्न खणखणीत वाजला. म्हणजे तोही बरा. त्यांनी रिले जागेवर बसवला, किल्ली दिली, पंप ढिम्म. मास्तर घामाघूम झाले होते.

“पंपच मेला म्हणायचा. आता मागची सीट काढायला हवी, तो तिच्याखाली असतो. त्या खुर्चीचे पट्टे सोडव बघू.”

“अहो,” ती म्हणाली, “डावीकडचा शेवटचा फ्यूज बघितलात?”

“अख्खी ओळ बघितली.”

“मान वळवून बघा.”

तिचा आवाज असा लागला होता की त्यांनी निमूट मान वळवली. ओळीच्या डाव्या टोकाला रिकामी खाच होती. फ्यूज जळला नव्हता, तुटला नव्हता, तिथे नव्हताच.

“सकाळी मी काढला,” ती म्हणाली. “किल्ली लपवली असती तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. वाटलं, काढून बघू. सापडला तर मला चार शब्द ऐकवाल, मी ऐकून घेईन आणि मुकाट्याने शेजारी बसेन.” तिने टॉर्चचा उजेड त्या खाचेवर धरला. “देवाशपथ सांगते, तुम्हाला सापडावा असंच वाटत होतं मला. दोनदा बघितलंत तुम्ही.”

मास्तरांनी मान सरळ केली. खाच नाहीशी झाली, भरलेली ओळ तेवढी उरली. मान वळवली, खाच परत आली. त्यांनी पुन्हा मान सरळ केली, पुन्हा वळवली. मग ते बंपरवर हात टेकून तसेच वाकून राहिले.

बायकोने मुठीतला फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला.

“लावायचा तर लावा. मी नाही अडवणार.”

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. लेक होती.

“बाबा, निघालात का? आम्ही खाली येऊन बसलोय.”

“टॅक्सीने या तुम्ही.”

“का हो? गाडीला काय झालं?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. पंप गेला म्हणून सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती, जन्मभर कुणाला काही कळू दिलं नसतं.

“गाडी ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “मला डावीकडचं दिसत नाही गं.”

पलीकडे लेकीच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं, आणि मास्तर फोन कानाशी धरून ते रडणं ऐकत राहिले.