समासातली मान

न्यायालयाच्या त्या इमारतीत लघुलिपी वाचता येणारी आता दोनच माणसं उरली होती. एक गुरुजी, दुसरी स्टेनोबाई. बाकीचे निवृत्त झाले, काही बदलून गेले आणि नव्याने कोणी शिकायला आलं नाही. गुरुजी खरं तर कार्यालयाचे अधीक्षक, पण त्यांनी इतक्या जणांना लघुलिपी शिकवली होती की चपराश्यापासून वकिलांपर्यंत सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. स्टेनोबाई त्यांच्याकडे आली तेव्हा विशीतली होती. तिच्या वह्या त्यांनी लाल शाईने भरून टाकल्या, दोनदा रडवलं आणि मग स्वतःच्या शेजारच्या टेबलावर बसवलं. वडील गेल्यावर कुणाचा शब्द तिने मुकाट्याने ऐकला असेल तर त्यांचा.

त्यांची एक शिकवण तिच्या हाडीमासी भिनली होती. साक्षीदार बोलतो ते कोणीही लिहील; तो गप्प बसला, त्याने मान हलवली, डोळे पुसले, तर तेही कंसात लिहायचं. "कोर्टात माणूस तोंडाने निम्मंच बोलतो," गुरुजी म्हणायचे.

मग यंत्र आलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दोन माइक, न्यायाधीशांसमोर एक पडदा, आणि बोललेलं जागच्या जागी टाइप होऊन तयार. नवा नियम असा की यंत्राने लिहिलेली साक्ष माणसाने तपासून सही केली की तीच अखेरची. सहीनंतर महिन्याभराने आवाजाची मूळ फीतही पुसायची, म्हणजे लोकांची खासगी गोष्ट खासगी राहील. कायदा करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. मान हलवली तर आवाज होत नाही, एवढंच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तपासायचं काम स्टेनोबाईकडे आलं; साक्ष चालताना ती आधीसारखीच कोर्टात बसायची. दिवसाला दोन-अडीचशे पानं! ती छापील पानावर पेनाने दुरुस्त्या करायची आणि हात सवयीने लघुलिपीतच चालायचा. समासात रेघा, ठिपके, अर्धवर्तुळं. ते वाचून गुरुजी दुरुस्त्या यंत्रात भरायचे आणि शेवटचं पान तिच्यापुढे सरकवायचे. ती सही करायची. पुन्हा वाचून बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. गुरुजींचं काम तपासायचं म्हणजे काय!

त्याच महिन्यांत एक साक्ष झाली. शिवणकाम करणारी एक बाई. नवऱ्यापासून वेगळी झालेली, सहा वर्षांची मुलगी सासू-सासऱ्यांकडे अडकलेली. मुलगी परत मिळावी म्हणून तिचा अर्ज होता. समोरच्या वकिलाने विचारलं, "मुलीला तुम्ही राजीखुशीने आजी-आजोबांकडे सोडलंत ना?" बाईने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. तोंडातून शब्द फुटेना. वकिलाने मुद्दामच तिला वेळ दिला नाही. "बरं, या कागदावरची सही तुमचीच?" "हो," बाई म्हणाली. तिचा स्वतःचा वकील तेव्हा फायलीत डोकं घालून बसला होता.

यंत्राने दुसरा प्रश्न पहिल्यालाच जोडला आणि खाली लिहिलं, उत्तर: हो. स्टेनोबाईने त्याच संध्याकाळी समासात लिहून ठेवलं की हे दोन प्रश्न आहेत आणि पहिल्याला साक्षीदाराने नकारार्थी मान हलवली आहे. त्याखाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा म्हणजे महत्त्वाचं, हेही गुरुजींनीच शिकवलेलं.

पुढे न्यायाधीश बदलले, नव्या मॅडम आल्या. यंत्राची योजना सगळ्या न्यायालयांत न्यायची ठरली. अट एकच, पानामागे दुरुस्त्या ठरावीक आकड्याखाली हव्यात. आकडा खाली आला. यंत्राच्या नव्या विभागाचे प्रमुख म्हणून गुरुजींचं नाव लागलं, निवृत्ती तीन वर्षं पुढे ढकलली गेली. स्टेनोबाईला इतका आनंद झाला की तिने साऱ्या ऑफिसला चहा पाजला.

आणि एके दुपारी शिवणवाल्या बाईचा वकील साक्षीची प्रत घेऊन तिच्या टेबलापाशी आला. "बाई, हे काय लिहिलंय? माझी अशील शपथेवर सांगते, ती हो म्हणालीच नव्हती." स्टेनोबाईने वाचलं. राजीखुशीने सोडलंत ना, सही तुमचीच? उत्तर: हो. खाली तिची स्वतःचीच सही.

ती धावत गुरुजींकडे गेली. त्यांनी प्रत बघितली, चष्मा कपाळावर सरकवला. "राहून गेलं असेल गं. किती पानं होती तेव्हा! तू ते समासातलं पान काढून ठेव, मी आहे ना." तिला हायसं वाटलं. गठ्ठ्यातून पान मिळालंही. दोन रेघांसकट.

वकिलाने साक्षीवर हरकत घेतली, पण आवाजाची फीत केव्हाच पुसली गेली होती. सुनावणीला मॅडमनी ते पान हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. "हे तुम्ही वाचून दाखवाल, पण साक्ष बरोबर आहे म्हणून सहीही तुमचीच आहे. मला दुसरं कुणीतरी हवं. कोण वाचू शकेल?"

"अधीक्षक वाचतील, मॅडम," स्टेनोबाई ठामपणे म्हणाली. "त्यांनीच शिकवलंय मला."

गुरुजी पुढे आले. त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडाकडे धरलं. त्यांचं बोट समासावरून खाली सरकलं आणि त्या दोन रेघांवर येऊन थांबलं. वाचताना ओठ हलवायची त्यांची जुनी खोड होती. स्टेनोबाईने त्यांचे ओठ पाहिले. नकारार्थी. मान. हलवली. तिने सुटकेचा श्वास सोडला.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "अक्षर स्पष्ट नाही. मला हे वाचता येत नाही."

आधी तिला वाटलं, वयाने डोळे दगा देत असतील. बिचाऱ्यांना आणखी उजेड द्यावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला कळलं. हे एकच पान राहून गेलेलं नव्हतं. तिचे सगळे कंस, सगळ्या माना, सगळं गप्प बसणं त्यांनी एकेक करून गाळलं होतं. काना-मात्रा तेवढ्या सुधारल्या होत्या, म्हणून तर आकडा खाली आला आणि प्रमुख म्हणून त्यांचं नाव लागलं. ज्या माणसाच्या पायाशी बसून ती शिकली, त्याने तिच्याच सहीने केसाने गळा कापला होता. तिचा आणि त्या बाईचा, दोघींचा.

"गुरुजी, वाचलंत तुम्ही! ओठ हलले तुमचे!" ती ओरडली.

"शांत राहा," मॅडम म्हणाल्या. हरकत फेटाळली गेली. साक्ष आहे तशी कायम, निकाल पुढच्या सोमवारी.

बाहेर व्हरांड्यात शिवणवाली बाई बाकावर बसली होती. तिला आत काय झालं ते नीट कळलं नव्हतं. गुरुजी दारातून बाहेर पडताच ती उठली आणि तिने त्यांना हात जोडले. "तुम्ही निदान नीट बघितलंत तरी, साहेब. उपकार झाले."

गुरुजींनी मान डोलावली आणि ते जिन्याकडे वळले. पायऱ्या उतरताना एकदाही मागे पाहिलं नाही.

स्टेनोबाईला गप्प बसता आलं असतं. नोकरीची अजून बारा वर्षं बाकी होती, आणि ती ज्यांच्या हाताखाली काढायची ते आत्ताच जिना उतरून गेले होते.

"त्यांना वाचता आलं होतं," ती म्हणाली. "सगळं वाचलं त्यांनी."

बाईने जिन्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली. "मग सोमवारच्या आत सांगतील ना ते मॅडमना? मोठं माणूस आहे. पोरीचा प्रश्न आहे म्हटल्यावर सांगतील की."

"नाही," स्टेनोबाई म्हणाली. "नाही सांगणार, ताई." आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांच्या देखत, तिला रडू फुटलं. ज्या बाईची मुलगी हातची जात होती, तीच तिला पाणी आणायला धावली.