डाव्या हाताचा चुडा

सुट्टीवरून ड्युटीवर आले आणि वॉर्डात आधी मंजुळेचा डावा हात धरला. रोजचीच सवय. मनगटाच्या वर डायलिसिससाठी तिची नस धमनीला जोडलेली होती, तिथं बोट ठेवलं की पिठाच्या गिरणीशेजारच्या भिंतीसारखी घरघर लागायची. ती घरघर आहे तोवर नाशिकला मशीनवर तिचं रक्त धुऊन मिळणार. दोनदा फसून तिसऱ्यांदा जमलेली नस होती ती.

आज बोटाला काहीच लागेना. स्टेथोची नळी लावून ऐकलं, तर कुठं तरी खोल, कण्हल्यासारखं.

हात सुजलेला आणि त्यावर कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या दाबून चढवलेल्या.

"कोणी भरल्या या?"

"दिराचं लगीन शे ना," सासू ताईबाई हौसेनं म्हणाली. "कासारीण आठेच बलायी."

कासारीण इथं, वॉर्डात! माझं डोकंच फिरलं. या हाताला काही बांधायचं नाही, हे मी धुळ्याच्या या नर्सिंग होमात भिंतीवर लिहून ठेवलेलं, वाचतंय कोण! डॉक्टर ऑपरेशनमध्ये. साबण लावून पाहिला, बांगडी तसूभर सरकेना. मी पक्कड मागवली.

ताईबाईनं सुनेचा हात छातीशी धरला. "फोडू नका, सिस्टर! मन्हा आंडोर जित्ता शे!"

मंजुळा रडायला लागली. नवरा जिवंत असताना बांगड्या फोडणं तिलाही नकोच होतं. मी घड्याळाकडे पाहत होते आणि मला दोघींचाही राग येत होता.

तेवढ्यात तिचा नवरा लोटन डबा घेऊन आला. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं डबा खाली ठेवला.

"माय, मी तुन्हा समोर उभा शे. कसाले घाबरस?" मग माझ्याकडे वळून, "मीच फोडसू. कशी, ते सांगा."

जुन्या एक्स-रेची पट्टी कापून मी बांगडीखाली सरकवली, म्हणजे काच टोचू नये. तो एकेक बांगडी चिमटत गेला. सतरा बांगड्या.

बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. कितीतरी वेळानं बोटाखाली हललं काहीतरी, मग घरघर. बारीक, पण होती.

मी ताईबाईचं बोट ओढून तिथं टेकवलं. ती चपापली. मग तिथंच बसून राहिली.

दुपारी वॉर्डातल्या मावशी बीपीचा पट्टा घेऊन आल्या आणि सवयीनं डाव्या हाताशी गेल्या. ताईबाई खेकसली, "त्या हातले हात नका लावा! तठे मन्ही सून जित्ती शे!"