कृष्णाबाईच्या पडवीतला पावडरीचा डबा

मी मच्छरांच्या पावडरीचा डबा बोलतोय. अंगावर कवटीचं चित्र आहे, पण जुहूच्या कोळीवाड्यात त्याला कुणी भ्यालं नाही. पोरं त्याला ‘दात काढणारा मामा’ म्हणत.

माझा जन्म मरोळच्या कारखान्यातला. चौसष्ट साली सरकारी फवारणीवाला भाऊराव मला घेऊन कृष्णाबाईच्या दारात आला. आदल्या पावसाळ्यात तिची थोरली लेक हिवतापानं गेली होती. भाऊरावानं माझी पावडर पाण्यात कालवून भिंती फवारल्या, आणि पुढच्या पावसात वस्तीत कुणी थंडीतापानं कुडकुडलं नाही. तेव्हापासून पडवीत देवाच्या फळीखाली माझी जागा झाली. भाऊरावही मला तिथंच ठेवून जाई. रोज ओझं कोण वाहणार?

पुढं एकदा ढगाळ हवेत काठ्यांवरचे बोंबील वाळेनात. माशा घोंघावू लागल्या. कृष्णाबाईनं माझं झाकण काढलं आणि मीठ पेरावं तशी पावडर बोंबलांवर पेरली.

“अगो, ती भिंतीची हाय!” शेजारची सरूबाई ओरडली.

“मच्छर मरतो, तर माशी नाय मरणार? नि बाजारात न्यायच्या आधी धुवायचेच हायत.”

माशी एकही बसली नाही. पण तिच्या तीन वर्षांच्या तुळशीदासला काठीवरचा बोंबील ओढून चघळायची सवय. दुपारी त्याला आकडी आली. दिवेलागणीला घरात रडणं सुरू झालं.

चौकशीला फवारणी खात्याचे साहेब आले. चांगले गृहस्थ होते, चहाही घेईनात. म्हणाले, “बाई, या पावडरीनं हजारो वाचले. एखादा अपघात व्हायचाच. तोलून बघितलं तर फायद्याचं पारडं जड आहे.”

“मी पण तराजू धरते, साहेब,” कृष्णाबाई म्हणाली. “माझं एकेक पोर दोन्ही पारड्यांत हाय.”

साहेबांनी हळूच विचारलं, “बंद करू का फवारणी?”

तिचा नवरा महादू ‘हो’ म्हणणार होता. तिनं हातानं त्याला थांबवलं. तिच्या पोटात तिसरं होतं.

“नको. भिंतींवर मारा. पण डबा घरात ठेवू नका.”

आता भाऊराव मला रोज सरकारी कचेरीत नेऊन कुलपात ठेवतो. लोकहो, नफा-नुकसान जरूर तोला. पण फवारणी झाल्यावर डबा कुणाच्या घरात राहतो, तेवढं आधी विचारा.

कृष्णाबाई अजून मला ओळखते. फवारणीच्या दिवशी स्वतः भांडी बाहेर काढते, भिंती मोकळ्या करून देते, आणि आम्ही जाईपर्यंत पाठ फिरवून उभी राहते.