भिंतींआधी उभी राहिलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी चौकट आहे. मला अजून भिंती नाहीत. म्हणून माझी गोष्टही सुटी-सुटी आहे, माझ्या लाकडांसारखी.

वरची पट्टी

म्हाळू सुताराने मला परळीतल्या ईश्वरप्पांच्या किराणा दुकानासाठी घडवले. वीजकेंद्राची राख माझ्या खाचांत बसे. त्यांच्या पत्नी शांतादेवी ती ओल्या फडक्याने पुसत. गिऱ्हाइके म्हणत, "आप्पा, दुकान ठेवा, चौकट विका!" मी फुगून जाई. पुढे रस्ता रुंद झाला. दुकान पडले. मी भंगारात, उन्हात,

पडून.

तिथून मला प्रविण आणि वर्षाराणी या नवरा-बायकोने अंबाजोगाईला आणले. वर्षाराणी दवाखान्यात परिचारिका आहे. साठवलेल्या पैशांत त्यांनी घराचे जोते बांधले होते. भिंतींसाठी कर्ज काढायचे होते. पण प्रविणच्या आई, रुक्मिणीबाई, थांबेनात. "मुहूर्त निघून जाईल. कर्ज कुठं पळतंय?" मला पूर्वेकडे तोंड करून उभे केले, हळदीचे फडके बांधले, नारळ फोडला.

डावी बाही

मोठ्या बँकेचे साहेब जागा पाहायला आले. मुदत वीस वर्षे, हप्ता पगारात बसणारा. त्यांनी नकाशा उघडला. "मंजूर नकाशात दार उत्तरेला आहे. ही चौकट काढा, मगच फाईल पुढे जाईल."

त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही.

उजवी बाही

संध्याकाळी गल्लीतल्या पतसंस्थेचे बद्रीनाथ आले. चप्पल काढून, वाकून माझ्यातून आत आले. आत म्हणजे उघड्यावरच.

"वैनी, चौकट हाय म्हंजी घर हाय. आपल्याला नकाशा-बिकाशा लागत न्हाई. सोमवारी पैसे घ्या."

"आन् मुदत?" वर्षाराणीने विचारले.

"सात वर्सं. हप्ता जरा जड हाय. पण बँकेचा साहेब तुमच्या दारात च्या प्यायला येनार हाय का? मी येनार."

"आन् हप्ता चुकला तर?"

बद्रीनाथ हसले. "तवा बी मीच येनार की. कुलूप घेऊन!"

सगळे हसले. वर्षाराणी हसली नाही.

मधली रिकामी जागा

"बसवलेली चौकट हलवत्यात का कुठं?" रुक्मिणीबाई रडवेल्या झाल्या. "लई वंगाळ असतंय."

"पतसंस्थेचंच घेऊ," प्रविण म्हणाला. "चौकट तरी ऱ्हाईल."

"चौकट ऱ्हाईल," वर्षाराणी म्हणाली. "आपन ऱ्हाऊ का?"

मित्रांनो, मला राहायचे होते. एकदा उखडले जाणे म्हणजे काय, ते मी जाणते. पण माझ्यावर कुलूप, आणि ही माणसे बाहेर? मी थरथरले. त्यांना वाटले, वारा आहे.

उंबरा

शेवटी रुक्मिणीबाईंनीच माझे हळदीचे फडके सोडले आणि पदराला बांधले. "उत्तरेकडून बी लक्ष्मी येती म्हनायचं. काढा."

आता मी जोत्यावर विटांच्या आधाराने आडवी आहे. साहेब पुन्हा पाहून गेले. 'कळवतो' म्हणाले. अजून कळवलेले नाही. पतसंस्थेचा सोमवार तर केव्हाच उलटला.

मित्रांनो, मुहूर्त जरूर पाहा, पण आधी नकाशा पाहा. जो हसून पैसे देतो त्यालाही विचारा, हप्ता चुकला तर काय? आणि इकडून जाताना माझ्याखाली पाणी साचलेले दिसले, तर वाट करून द्या. जुन्या लाकडाला वाळवी लवकर लागते, आणि मला अजून दार व्हायचे आहे.

वर्षाराणी रोज येते, मला ओल लागली का ते हाताने चाचपते. मोबाईल वाजला की आम्ही दोघी दचकतो.

थांबा. वाजतोय.