तोंडातली पिल्लं

मी शिंगाळा. खाडी समुद्राला मिळते तिथे, गढूळ तळाशी राहणारा बिनखवल्यांचा, मिशाळ मासा. आत्ता मी तोंडाने बोलत नाहीये, कारण तोंडात माझी पिल्लं आहेत. पोटातली हवेची पिशवी घुमवून आम्ही कुरकुरतो, तीच माझी भाषा. आणि आधीच सांगतो, मी भयंकर चिडलोय.

तसा मी जन्माचा भित्रा. वर एखादी सावली हलली तरी काळजात धस्स होतं. मिशांनी चिखल चाचपायचा, खेकडा-कोळंबी मिळेल ती खायची आणि गप्प राहायचं, एवढाच आमचा संसार. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन विषारी काटे आहेत, पण त्यांचा तोरा मी कधी मिरवला नाही. घाबरलो की ते आपोआप ताठ होतात.

यंदा मादीने अंडी घातली, गोटीएवढी मोठी, आणि ती निघून गेली. तिला नावं ठेवू नका. आमच्यात रीतच तशी आहे. अंडी बापाने तोंडात सांभाळायची. पिल्लं आपली आपण पोहू लागेपर्यंत बापाने घास म्हणून खायचा नाही. नाकासमोरून कोळंबी टुणटुणत जाते आणि मी बघत बसतो. उपासाने पार चिपाड झालोय, सगळं अंग जाऊन डोकं तेवढं उरलंय.

या दिवसांत आम्ही सगळे बाप घोळक्याने, संथ फिरतो. तोंड भरलेलं असताना पळणार तरी कसं? माणसांनी आमचा हा संथपणा बरोबर हेरला आणि भर दिवसा आमच्याभोवती जाळं आवळलं.

होडीत एक नवरा-बायको होते. आम्हाला फळ्यांवर ओतलं. बायकोने माझ्या शेजाऱ्याचा जबडा दाबला. त्याची अंडी घरंगळत गेली.

"अहो, बघा तरी! मेल्याने तोंडभर अंडी गिळलीत. स्वतःचीच असणार!"

"बापच तो. त्याला कसली माया?" नवरा हसला.

"आरशात बघून बोलताय वाटतं?"

"बरं बाई, चुकलो. आधी तोंडं रिकामी कर सगळ्यांची. गिऱ्हाइकाला किळस येते."

गिळलीत! पाण्याबाहेर जीव गुदमरत होता, पण त्या शब्दाने मी जास्त गुदमरलो. अहो, भुकेने डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हासुद्धा ज्यांच्यावर जबडा मिटू दिला नाही, ती मी गिळेन? एवढी अंडी बघितलीत, मग त्याचं रिकामं पोट का नाही बघितलं? शेजाऱ्याची अंडी त्यांच्या पायांखाली फुटत होती. त्यांना आवाजही येत नव्हता. मला येत होता.

मग नवऱ्याने मला उचललं. अंगठा माझ्या ओठांत खुपसला. काटे ताठ झाले. या वेळी मात्र ते नुसते आपोआप झाले नाहीत. सगळी ताकद लावून मी अंग पिळलं आणि बाजूचा काटा त्याच्या तळहातात रुतवला.

"आई गं! मेलो, मेलो!"

"अहो, टाका, टाका त्याला!"

त्याने मला भिरकावलं. मी होडीच्या काठावर आपटलो. जबडा उघडला आणि निम्मीअधिक अंडी होडीतच सांडली. मी पाण्यात पडलो.

त्याचा हात सुजला असेल. सुजू दे. मला अजिबात वाईट वाटत नाही.

उरलेल्या अंड्यांतून आता पिल्लं बाहेर आलीत. तोंडात इवल्या शेपट्या वळवळतात. पण प्रत्येकाच्या पोटाखाली अजून पिवळ्या बलकाची पिशवी लोंबते आहे. तिच्या ओझ्याने त्यांना धड पोहता येत नाही. आत्ता सोडलं तर तळाला जातील आणि कुणाच्याही पोटात.

आणि वर पुन्हा होडीचं इंजिन धडधडतंय.

आम्हाला खाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही कोळंबीला विचारून खात नव्हतो. पण पोटं भरायला आमच्यातले रिकाम्या तोंडाचे बाकीचे आहेत, बाकीचे महिनेही आहेत. आत्ता जाळं दुसरीकडे न्या. यांचा बलक अजून संपलेला नाही.