राखणेचा पास्ता

डिलाईल रोडच्या त्या चाळीतून परबांचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता आणि आदल्या संध्याकाळी आनंदा परब कोंबडा घेऊन घरी आला.

कोंबडा अर्थात साफ करून, तुकडे करून, काळ्या पिशवीत. जिवंत आणला असता तर मुलगा वैभव बापालाच आधी टेम्पोत बसवायला कमी करणार नव्हता. तरी दुकानदाराला आनंदाने तीनतीनदा बजावलं होतं, गावठीच हवा. त्याने सांगून मागवलेला तो एकच कोंबडा आला होता. ब्रॉयलर देवापुढे ठेवायची सोय नाही. देवाचं सोडा, आनंदा स्वतःसुद्धा ब्रॉयलरला कोंबडीत धरत नसे.

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण घर, विहीर, माड, पोरंबाळं, सगळ्यांवर त्याची नजर असते. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, त्याला राखण म्हणतात. राखण जिथे द्यायची तिथेच शिजवायची, तिथेच हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि तिथेच खाऊन संपवायची. आनंदा तरुणपणी गिरणीत लागला, मुंबईला आला आणि राखणदार गावी राहिला. पण संपाच्या वर्षी गिरणी थंड पडली, त्यात लहानगा वैभव तापाने फणफणला. तेव्हा त्याच्या बायकोने, मीराबाईने, चाळीमागच्या उंबराखालची माती पोराच्या कपाळाला लावली आणि जाहीर करून टाकलं, की राखणदार इथेही आहे, आपणच आजवर त्याला विचारलं नाही. पोर बरं झालं. उंबराखाली परबांची राखण सुरू झाली.

गावी राखण पुरुषांनी शिजवायची असते. आनंदाला चहाही धड जमत नसे, त्यामुळे मुंबईच्या राखणदाराने मीराबाईच्या हातचं, तेही वर घरात शिजवलेलं, गोड मानून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरून दोन-दोन भांडी खाली कोण नेणार, म्हणून ती सगळं एकाच टोपात करायची. आधी कोंबडा, मग वाटण, मग त्याच रश्श्यात तांदूळ आणि शेवटी नारळाचा दाट रस. खाली टोप उघडला, वास वर गॅलरीपर्यंत चढला की माणसं कठड्यावरून वाकून विचारायची, "मीरावहिनी, झाली काय राखण?" जसे काही राखणदार तेच! तिने कधी कुणाला रिकाम्या हाती वर पाठवलं नाही.

मीराबाई जाऊन तीन वर्षं झाली. ह्याच खोलीत, खिडकीखाली, "जरा पडतंय" म्हणाली आणि गेली. तेव्हापासून उंबराखाली आनंदा नुसता नारळ ठेवत असे. पण खरं सांगायचं तर त्याच्या लेखी ती पुरती गेलीच नव्हती. पहाटे मोरीत तांब्याचा आवाज व्हायचा. आनंदा उठून बघायचा नाही, पडल्या पडल्या म्हणायचा, "गरम पाणी घे गो." तेवढ्यावर त्याचा दिवस बरा जायचा. आता चाळ पडणार होती, समोरच्याच टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर हक्काचं घर मिळालं होतं. सगळे खूश होते. आनंदाला मात्र एकच घोर लागला होता. मीराला ह्या रिकाम्या चाळीत एकटी टाकून जायचं कसं? तिला बरोबर न्यायचं, तर ती ज्याच्या हद्दीत आहे त्याला विचारायला हवं. आणि त्याला विचारायचं तर हातात नुसता नारळ घेऊन जाऊन चालणार नाही, साग्रसंगीत राखणच हवी.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वैभवला एवढंच म्हणाला होता, "राखण दिल्याबिगर मी हयसून हलूचंय नाय."

"बाबा, तिकडे सिक्युरिटी आहे. चोवीस तास," वैभव म्हणाला.

"तो खुर्चयेर पेंगता. ह्यो पेंगणा नाय."

तर आनंदाने कोंबड्याची पिशवी ओट्यावर राखणेच्या टोपाशेजारी ठेवली. बाकी सगळी भांडी खोक्यांत गेली होती. गॅस आणि तो टोप तेवढा त्याने बांधू दिला नव्हता, ह्या खेपेला जमेल तसं तो स्वतः शिजवणार होता. मग तो नारळ, उदबत्ती आणि केळीचं पान आणायला खाली उतरला. नाक्यावर साचाखात्यातला, म्हणजे मागांवरचा, जुना दोस्त भेटला. गिरणीतली दोन माणसं भेटली की गिरणी पुन्हा सुरू होते, आणि मग पाळी संपेपर्यंत कुणी हलत नाही. आनंदाही हलला नाही.

तेवढ्यात नात, वैभवची पूर्वी, कामावरून आली. पोरगी नुकतीच नोकरीला लागलेली, हौशी. तिची आई प्रिती दुपारपासून नव्या घरी सामान लावत होती आणि तिने फोनवर सांगितलं होतं, जेवण बाहेरून मागवा. पूर्वीला ते पटलं नाही. ह्या घरातलं शेवटचं जेवण पार्सलचं? ती येताना पास्त्याचं पाकीट, क्रीम, चीज, लोणी आणि लसूण घेऊन आली. एकाच भांड्यात होणारी चिकन पास्त्याची कृती तिने मोबाईलवर बघून ठेवली होती. चिकन तेवढं मागवायचं राहिलं होतं. येऊन बघते तर ओट्यावर गॅस, एक टोप आणि कापलेली कोंबडी! आबांनी आपल्यासाठी सगळं काढून ठेवलंय, असं वाटून पोरीला भरून आलं. तिने गॅस पेटवला.

आनंदा जिना चढायला लागला तेव्हा दिवेलागण झाली होती. दुसऱ्या मजल्यावर त्याला लोण्यात परतलेल्या लसणीचा वास आला. सगळी बिऱ्हाडं तर गेली, मग हे कोण शिजवतंय, असं म्हणत तो दारात आला.

"आबा, आलास? थांब हां, फक्त क्रीम घालायचंय," पूर्वी म्हणाली. "कसली चिवट कोंबडी आणलीस रे! तासभर शिजतेय."

आनंदाने टोपात पाहिलं. चीजच्या पांढुरक्या दाट रश्श्यात शंखासारखा पास्ता रटरटत होता आणि मध्येच गावठी कोंबड्याची तंगडी वर आली होती. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ह्या काय केलंस गो बाय! राखणेचो कोंबडो तो!"

मागोमाग वैभव आला. टोपात डोकावला, बापाकडे पाहिलं आणि फस्सकन हसला. हसायची ती वेळ नव्हती. आनंदाने नारळ खाली ठेवला, बांधलेल्या गादीवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही जावा. मी येवचंय नाय."

"बाबा, एका कोंबडीवरून?"

"कोंबडीवरून नाय रे!" आनंदा ओरडला. "तुझी आवस हय आसा! तिका टाकून येव? कोणाक न विचारता तिका नेतलंय कसा?"

वैभवचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि मान वळवली. पूर्वीचे डोळे भरले.

"सॉरी आबा. मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. नाक पुसून तिने विचारलं, "आजी कशी करायची रे राखण?"

"तुका काय करूचा आसा?" आनंदा फणकारला. पण मीराबाईचं स्वयंपाकपाणी कुणी विचारावं आणि आनंदाने गप्प बसावं, हे शक्य नव्हतं. "आधी कोंबडो टाकी. तो शिजलो की त्याच रश्श्यात तांदूळ. मगे नारळाचो रस, अगदी शेवटाक. एकाच टोपात सगळा."

"मी पण तेच केलंय," पूर्वी हळूच म्हणाली. "आधी कोंबडी, मग त्याच रश्श्यात पास्ता. आता शेवटी क्रीम."

आनंदा उठला. चव बघता येत नाही, देवाच्या आधी कोण खाणार? तो नुसता टोपावर वाकला. नाकावर राग होताच, त्याच नाकाने त्याने वास घेतला. लसूण होती, लोणी होतं, वितळलेल्या चीजचा खारट वास होता. मीराच्या टोपाचा हा वास नव्हता, ओळखीचासुद्धा नव्हता. पण पोरीने जीव लावून केलं होतं, आणि तशी वाफ तीन वर्षांत ह्या खोलीत निघाली नव्हती.

"घाल तुझा ता क्रीम," तो म्हणाला. "आणि उचला टोप. थंड झाला तर तो खायत नाय."

तिघं जिना उतरून उंबराखाली आले. आनंदाने केळीचं पान मांडलं, पूर्वीने त्यावर पास्ता वाढला, तंगडी वर ठेवली. उदबत्ती लावली, नारळ फोडला. चाळ मागे काळोखी उभी होती. राखण झाली काय, असं विचारायला वर कुणी उरलं नव्हतं. आनंदाने हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या जागेच्या राखणदारा! इतकी वर्सां तू ह्या लेकरांका सांभाळलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पूर्वी म्हणाली. तिला एवढं येत होतं.

"आज पोरीन जा काय शिजवलां आसा, ता काय आसा ता माका पण ठावक नाय. पण कोंबडो गावठी आसा. तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उद्या आम्ही ही जागा सोडतंव. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे मीराबाईचा 'व्हय' सगळ्यांच्या वर असायचा. आनंदा थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि माझी मीरा हय आसा. तिका अडवून ठेव नको. आमच्या वांगडा नव्या घराक धाडून दी. ती कधी लिफ्टीत बसाक नाय. भियात ती... वाट चुकात..."

पुढे त्याला बोलता येईना. गाऱ्हाणं 'रे म्हाराजा' म्हणून पुरं करावं लागतं, त्याशिवाय ते पोचत नाही, आणि हे तर अर्ध्यातच लटकलं होतं. पूर्वीने बापाकडे पाहिलं. वैभव इतका वेळ खिशात हात घालून बाजूला उभा होता. राखणदार-बिखणदार तो मानत नव्हता, आणि मालवणी तर शाळा सुटल्यापासून त्याच्या तोंडात आली नव्हती. त्याने खिशातले हात काढले, बापाशेजारी येऊन उभा राहिला आणि हात जोडले.

"बी विंग, अठरावो मजलो," तो म्हणाला. "लिफ्टीतसून भायर इल्यार उजव्या हाताक पयला दार. आम्ही उघडा ठेवतंव. माझ्या आवशीक एवढा सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आनंदा ओरडला, मीराबाई ओरडायची तितक्या मोठ्याने.